रामानुजनांचा वर्ग

(बेळगाव येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर याच गावात कविता शिकवली. त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कविता लिहिणं आणि कविता शिकवणं ही दोन्ही कामं ज्यांनी एकाच ओढीनं केली, आणि ज्यांच्या उमेदीची काही वर्षं बेळगावात गेली, अशा माणसाविषयी आज बोलणार आहे. ए. के. रामानुजन. गणिती रामानुजन वेगळे. हे अत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन. १६ मार्च १९२९ रोजी म्हैसूरला जन्मले आणि १३ जुलै १९९३ रोजी शिकागोत वारले. मधल्या चौसष्ट वर्षांपैकी जवळजवळ निम्मी अमेरिकेत गेली. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये कविता, जुन्या तमिळमधून आणि कन्नडमधून भाषांतरं, लोककथांचा अभ्यास आणि शिकागो विद्यापीठात तीस वर्षं अध्यापन, एवढा त्यांचा पसारा.

परदेशी स्थायिक झालेल्या लेखकाविषयी आपण दोनच सुरांत बोलतो. एक तर तो मुळापासून तुटला म्हणून हळहळतो, नाहीतर त्यानं तिकडे नाव काढलं म्हणून टाळ्या वाजवतो. रामानुजनांना यातला कुठलाच सूर लागू पडत नाही. कवी आणि अभ्यासक म्हणून ते जे झाले, त्यात सर्वांत मोठा वाटा त्यांच्या वर्गाचा होता, असं मी म्हणेन. ज्या मुलांना आपल्याकडचं काही म्हणजे काही ठाऊक नाही, अशा मुलांनी भरलेल्या वर्गाचा. आज एवढं एकच सांगायचं आहे, पण जरा सावकाश सांगतो.

घर तमिळ अय्यंगारांचं. स्वयंपाकघरात तमिळ, रस्त्यावर कन्नड आणि वडिलांच्या अभ्यासिकेत इंग्रजी. वडील गणिताचे प्राध्यापक. खगोलशास्त्र जाणत आणि पत्रिकाही मांडत. सकाळी गीता वाचत आणि बर्ट्रंड रसेलविषयीही तेवढ्याच आस्थेनं बोलत. तरुण रामानुजनांना हे सहन होईना, त्यांनी जाब विचारला. वडिलांनी शांतपणे उत्तर दिलं की मेंदूला दोन भाग असतात, हे तुला माहीत नाही का? ही आठवण रामानुजनांनी १९८९ मध्ये छापलेल्या एका निबंधात सांगितली आहे. भारतीय विचारपद्धती अशी काही असते का, हा त्या निबंधाचा प्रश्न. त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की आपल्याकडे नियम सहसा सुटा येत नाही. कोण, कुठे, कोणत्या वेळी, कोणाशी, हे पाहून तो ठरतो. हे सूत्र ध्यानात असू द्या, पुढे कामी येणार आहे.

म्हैसूर विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्यावर त्यांनी सुमारे आठ वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. आधी केरळात कोल्लम, मग मदुराई, मग बेळगाव, शेवटी बडोदा. मदुराईनं त्यांना एक कविता दिली. वैगई नदीवरची ती कविता आपल्यापैकी अनेकांना बी. ए. च्या पुस्तकात भेटली असेल. जुने कवी पुराचं गाणं गातात, नवे कवीही पुराचंच गातात, आणि पुरात वाहून गेलेल्या गरोदर बाईचा विचार दोघांनाही शिवत नाही. कवितेचा एवढाच आशय. पण साहित्याच्या शिक्षकानं लिहिलेली कविता म्हणून ती वाचून पाहा. ज्या परंपरेवर आपण वर्गात भरभरून बोलतो, तिनं काय पाहायचं टाळलं, असा जाब ती विचारते.

बेळगावात ते लिंगराज कॉलेजात होते. इथे इंग्रजी शिकवता शिकवता ते कन्नड म्हणी आणि गोष्टी गोळा करत. १९५५ साली त्यांचं म्हणींचं कन्नड पुस्तक निघालं. म्हणजे पहिलं पुस्तक कवितांचं नाही, म्हणींचं. धारवाडला शिकणाऱ्या गिरीश कार्नाडांशी त्यांची ओळख याच काळातली. पुढे कार्नाडांनी 'नागमंडल' हे नाटक लिहिलं, ते रामानुजनांकडून ऐकलेल्या दोन लोककथांवर बेतलेलं आहे, आणि कार्नाडांनी स्वतःच तसं नोंदवून ठेवलं आहे.

बडोद्यानंतर रामानुजन पुण्याला आले, डेक्कन कॉलेजात. १९५८-५९ चं वर्ष. सुमित्र मंगेश कत्रे तिथे संचालक होते आणि रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीनं आधुनिक भाषाविज्ञानाचे वर्ग चालत. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ तिथे येऊन शिकवत आणि देशभरातले तरुण अध्यापक शिकायला येत. तिशीला आलेला, शेक्सपिअर शिकवणारा एक कवी तिथे ध्वनी आणि व्याकरण शिकायला बसला. डेक्कन कॉलेजच्या इतिहासात हे वर्ष ठळक अक्षरांत लिहायला हवं, असं माझं मत आहे. आपण बोलतो त्या भाषांकडे कुतूहलानं, त्या नव्यानंच कानावर पडत असल्यासारखं पाहायचं, ही शिस्त त्यांना तिथे लागली. लगेच १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९६३ साली कन्नडच्या व्याकरणावर पीएच. डी. झाले. त्याआधीच शिकागो विद्यापीठानं त्यांना बोलावून घेतलं होतं.

अमेरिकेतल्या विद्यापीठात तमिळ शिकवणारा माणूस हवा असं कोणाला का वाटावं? त्याचं कारण साहित्याबाहेरचं आहे. १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. जगातल्या भाषा शिकवायला सरकारी पैसा खुला झाला, त्यात आपल्या भाषाही आल्या. दुसरं कारण तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांच्या जिभेवर आहे. अमेरिकेहून येणारा पीएल-४८० चा लाल गहू आठवतो ना? रेशनच्या रांगेत मिळायचा. त्या गव्हाचे पैसे भारतानं रुपयांत दिले, आणि त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेच्या ग्रंथालयांत धाडली गेली. त्यात मराठी पुस्तकंही होती. आज शिकागोत मराठीचा जो उत्तम संग्रह आहे, त्याच्यामागे आपल्या घरातल्या त्या पोळ्या आहेत.

आता ज्या प्रसंगाभोवती माझं सगळं म्हणणं फिरतं, तिथे येतो.

साल १९६२. शिकागोतलं पहिलं वर्ष. एका शनिवारी रामानुजन हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या तमिळचं एखादं सोपं व्याकरण शोधत होते. शिकवायचं होतं, म्हणून हवं होतं. व्याकरण शोधताना नोंदणी न झालेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांच्या हाती एक संग्रह लागला. उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी संपादित केलेली 'कुरुंतोकै'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ प्रेमकविता, एकूण चारशे एक, बहुतेक चार ते आठ ओळींच्या. ज्याची मातृभाषा तमिळ, त्यानं तोवर त्या वाचल्या नव्हत्या. शाळा कन्नड आणि इंग्रजी, घरात बोलली जाणारी तमिळ आजची, मग वाचणार कुठून? ते तिथेच वाचू लागले. पुढची तीस वर्षं त्या पुस्तकानं त्यांना सोडलं नाही. आपली परंपरा जन्मानं आपली होत नसते, ती मिळवावी लागते, असा अर्थ त्यांनी स्वतः या प्रसंगातून काढला.

आणि ज्यांनी तो संग्रह संपादित केला, त्या स्वामिनाथ अय्यरांची कथाही काय वेगळी आहे? मोठ्या विद्वानांच्या हाताखाली तमिळ शिकून तयार झालेला हा पंडित १८८० साली कुंभकोणमला रामस्वामी मुदलियार नावाच्या मुन्सफांना भेटायला गेला. मुन्सफांनी विचारलं, काय काय शिकलात? अय्यरांनी लांबलचक यादी सांगितली. मुन्सफांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी 'जीवक चिंतामणी' या जुन्या तमिळ महाकाव्याचं नाव घेऊन विचारलं, हे वाचलंय का? वाचलं नव्हतं. तिथून अय्यरांनी उरलेलं आयुष्य गावोगावची ताडपत्रं धुंडाळण्यात, ती जुळवून छापण्यात घालवलं. म्हणजे कुंभकोणममध्ये राहणाऱ्यालासुद्धा ती परंपरा आयती मिळाली नव्हती. त्यालाही कोणीतरी प्रश्न विचारावा लागला.

रामानुजनांना तो प्रश्न शिकागोच्या वर्गानं रोज विचारला. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या वर्गात आपण कितीतरी गोष्टी गृहीत धरतो. 'सासर' म्हटलं की मुलींचे चेहरे बदलतात, शिक्षकाला पुढे काही सांगावं लागत नाही. शिकागोच्या मुलांपुढे यातलं काहीच गृहीत धरता येत नव्हतं. संगम काळातल्या, म्हणजे 'कुरुंतोकै'सारख्या, प्रेमकवितांत निसर्गाचे पाच प्रदेश येतात. डोंगर, रान, शेतमळा, समुद्रकिनारा आणि होरपळलेलं माळरान. प्रत्येकाला तिथल्या फुलाचं किंवा झाडाचं नाव. डोंगराचं फूल कुरिंजी, बारा वर्षांनी फुलणारी. प्रत्येक प्रदेशाची ठरलेली वेळ, ठरलेला ऋतू, तिथले पशुपक्षी, आणि प्रत्येकाशी जोडलेली प्रेमाची एकेक अवस्था. डोंगरात चोरून भेट, रानात वाट पाहणं, शेतमळ्यात नवऱ्याच्या बाहेरख्यालीवरून रुसवा, किनाऱ्यावर जिवाची घालमेल, माळरानात ताटातूट. कवीनं नुसता धबधबा दाखवला की जाणत्या श्रोत्याला कळे, ही दोघं भेटली आहेत. प्रेमाचं नाव घ्यायची गरजच नाही. कोण, कुठे, कोणत्या वेळी, हे सुरुवातीला सांगितलेलं सूत्र इथे अख्ख्या काव्यशास्त्राचा पाया झालेलं दिसतं.

यातली एक कविता त्यांनी भाषांतरावरच्या निबंधात उलगडून दाखवली आहे. मुलगी प्रियकराच्या गावी जाऊन परत माहेरी आली आहे. मैत्रीण विचारते, तिकडचं पाणी कसं गं? मुलगी सांगते, आपल्या बागेतला मध मिसळलेल्या दुधापेक्षा त्याच्या देशातलं, पाल्यानं झाकलेल्या खड्ड्यातलं, जनावरं पिऊन उरलेलं गढूळ पाणी गोड. बस्स, एवढीच कविता. रामानुजनांपुढचा प्रश्न वाक्यरचनेचा होता. तमिळमध्ये विशेषणं आधी येतात, नाम मागून, क्रियापद अगदी शेवटी. इंग्रजीत हा क्रम बहुतांशी उलटा. आपल्याला हे समजायला जड नाही, मराठीची चालही तमिळसारखीच आहे. मूळ कवितेत ऐकणारा त्या पाण्यापर्यंत शेवटी पोचतो, मधली वाट तुडवून. इंग्रजीत ते साधावं म्हणून रामानुजन ओळी तोडत, आत-बाहेर सरकवत, वाक्य पायरी-पायरीनं उतरवत. ते तुकडे डोळ्यांना आधुनिक अमेरिकन कवितेसारखे दिसतात, पण त्यांचं कारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ व्याकरणात आहे. व्याकरणाचा शिक्षक, कवी आणि भाषांतरकार ही तीन माणसं मला तिथे वेगळी काढता येत नाहीत.

१९६७ साली या भाषांतरांचं पुस्तक आलं. एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, 'द स्ट्रायडर्स' हा त्यांचा पहिला इंग्रजी कवितासंग्रह आला होता. त्या काळात लिहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या कविता तमिळ भाषांतरांशेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. भावनेचं नाव घ्यायचं नाही, वस्तू दाखवायची. वडिलांच्या मृत्यूवरच्या कवितेत अस्थी, कर्ज, मुली आणि वाण्याच्या दुकानातला रद्दीचा कागद एवढंच आहे, आणि त्यातून जे दुःख उभं राहतं ते कुठल्याही विलापात मावलं नसतं. १९६९ साली त्यांचा कन्नड संग्रह निघाला, तेव्हा ते शिकागोत स्थिर झालेले होते. कन्नड त्यांनी सोडली नाही. इंग्रजीनं आणि आपल्या शिक्षणानं कवितेला बाहेरचा आकार दिला आणि आतला ऐवज कन्नड-तमिळनं, लहानपणानं, लोककथांनी दिला, असं ते म्हणत.

'स्पीकिंग ऑफ शिव' हे कन्नड शिवभक्तांच्या वचनांचं पुस्तक १९७३ चं. बसवण्णा, देवर दासिमय्या, महादेवियक्का आणि अल्लमप्रभू. हे पेंग्विननं स्वस्त आवृत्तीत काढलं आणि जगभर वाचलं गेलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्थावर आणि जंगम या जोडीवर पुस्तकाचा सगळा विचार उभा केला. बांधलेलं देऊळ स्थावर, चालता बोलता भक्त जंगम. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचं नाव घेऊन मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे नवीन नाही. पण ज्यानं बसवण्णांचं नाव कधी ऐकलं नाही, त्याला बाराव्या शतकातलं कल्याण इतक्या थोडक्यात समजावून देणं हे त्याच वर्गात घडलेल्या शिक्षकाचं काम.

या भाषांतरांवर टीकाही झाली. तेजस्विनी निरंजना यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं, की रामानुजनांनी अल्लमप्रभूंना पाश्चात्त्य वाचकाच्या ओळखीच्या चौकटीत बसवलं, त्यांची धार बोथट केली. ही टीका पुरती झटकून टाकता येत नाही. युरोपातल्या प्रोटेस्टंट चळवळीशी केलेली तुलना मलाही खटकते, शरणांचं, म्हणजे या शिवभक्तांचं, बंड तिच्यात मावत नाही. तरीही माझा कौल रामानुजनांच्या बाजूनं आहे. ते पुस्तक वाचून कितीजण मूळ कन्नडकडे वळले, त्यावर वाद घालण्याइतके तयार झाले, हा त्या वर्गाचाच विस्तार म्हणायचा.

मानसन्मान आले. १९७६ साली पद्मश्री, १९८३ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती. अनंतमूर्तींच्या 'संस्कार'चं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतरही १९७६ चंच. पण रामायणाच्या अनेक रूपांवरचा त्यांचा निबंध दिल्ली विद्यापीठानं २०११ मध्ये इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. ज्यांनी वर्गातून तो हटवला त्यांनी त्यातली एक गोष्ट तरी वाचायला हवी होती. अरसिक नवरा बायकोच्या आग्रहानं रामायण ऐकायला जातो आणि झोपतो. पहिल्या रात्री कोणीतरी त्याच्या तोंडात मिठाई घालतं. घरी येऊन सांगतो, रामायण गोड होतं. दुसऱ्या रात्री खांद्यावर पोरगं बसतं. सांगतो, जड होतं. तिसऱ्या रात्री कुत्रं येऊन तोंडावर घाण करतं. सांगतो, खारट होतं. चौथ्या रात्री बायको त्याला पुढच्या रांगेत बसवते. मारुती समुद्र ओलांडतोय, रामाची अंगठी पाण्यात पडते, आणि आपला हा माणूस ओरडतो, काळजी करू नका, मी काढून देतो. उडी मारतो आणि अंगठी घेऊन वर येतो. ज्या निबंधात श्रद्धेनं ऐकणाऱ्याचं इतकं सुंदर चित्र आहे, त्यावर अश्रद्धेचा आरोप व्हावा याचं मला मनापासून दुःख आहे.

१९९३ च्या जुलैमध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याच्या वेळी रामानुजन गेले. अपुरं काम पुष्कळ राहिलं होतं. विनय धारवाडकर हे त्यांचे विद्यार्थी, स्वतः कवी आणि मराठीतून भाषांतर करणारे. आधुनिक भारतीय कवितेचा जो संग्रह दोघांनी मिळून केला होता तो १९९४ मध्ये आला. निबंधांचा खंड धारवाडकरांच्याच देखरेखीखाली १९९९ मध्ये निघाला. १९९५ च्या एकत्रित कवितांना १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि १९९७ मध्ये कन्नड लोककथांचं पुस्तक आलं, ज्याची सुरुवात बेळगावच्या त्या वर्षांत झाली होती.

त्यातली एक कथा सांगतो. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं, पण ती कोणाला सांगत नसे, म्हणत नसे. आत कोंडलेली दोघं कंटाळली. ती तोंड उघडं टाकून झोपली असता गोष्ट बाहेर पडली आणि दारात जोडा होऊन बसली. गाणं पुरुषाचा कोट होऊन खुंटीला लटकलं. नवरा आला, संशयानं पेटला, भांडून मारुतीच्या देवळात झोपायला गेला. गावातले दिवे विझले की त्यांच्या ज्योती त्या देवळात जमून गप्पा मारत. यांच्या घरची ज्योत उशिरा आली आणि तिनं खरा प्रकार सांगितला. नवऱ्यानं ऐकलं, घरी जाऊन बायकोला विचारलं, कुठली गं ती गोष्ट, कुठलं गाणं? बाईला दोन्ही आठवेनात.

बायका सांगतात त्या गोष्टींचं जग वेगळं असतं, हे रामानुजनांनी फार जोरानं मांडलं. उत्तर कर्नाटकात एका म्हाताऱ्या बाईकडून त्यांनी एक गोष्ट ऐकली. पोटच्या मुलाशीच लग्न होईल असं नशिबी लिहून आलेल्या मुलीची. ग्रीकांची इडिपसची कथा मुलाच्या बाजूनं सांगितली जाते, इथे ती आईच्या बाजूनं होती. इरावतीबाई कर्वे यांनी १९५० सालीच या गोष्टीचं मराठी रूप प्रसिद्ध केलं होतं, त्यात सटवाई आणि तिची मुलगी आहे. एकच गोष्ट, कन्नडमध्येही आणि मराठीतही. ज्या पट्ट्यात आपण बसलो आहोत तिथल्या आज्यांना ती कदाचित दोन्ही भाषांत येत असेल.

इथे समोर कॉलेजची मुलं बसली आहेत, म्हणून थांबता थांबता एक सांगतो. या जिल्ह्यात सकाळी कन्नडमध्ये आणि संध्याकाळी मराठीत बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत. सटवाईची ही गोष्ट त्यांच्याकडे कशी आहे, शेवट काय करतात, हे विचारायला हवं. फोनवर ध्वनिमुद्रण होतं, पण वहीही न्या, कारण शब्द कळला नाही तर तिथल्या तिथे विचारता येतो. दिवाळीच्या सुट्टीत कोणी निघणार असेल तर मला कळवा. कन्नड मला कामापुरती येते. मी बरोबर येईन.